हलीमा फुप्पीचा बाकी रोजा

हलीमा फुप्पी वारली तेव्हा तिच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, बँकेतही सांगण्यासारखं काही नव्हतं. बाकी होता तो एक रोजा. निदान आमच्या शेजारच्या छोटीबाई मासीचं तरी तसं ठाम मत होतं, आणि छोटीबाईचं मत एकदा ठाम झालं की ते हलवू शकेल असं शहाद्यात एकच माणूस होतं. तेच नेमकं वारलं होतं.

मी सबीहा. गल्लीच्या तोंडाशी आमचं बांगड्यांचं दुकान आहे, ते आता मी चालवते. फुप्पी म्हणजे माझ्या अब्बांची मोठी बहीण. लग्न होऊन तळोद्याला गेली, नवरा लवकर गेला, आणि ती भावाकडे परत आली ती रडत नाही, तर बसच्या कंडक्टरशी भांडत आली, असं अब्बा सांगतात. आल्यावर तिनं काही दिवस घर बघितलं, दुकान बघितलं, अब्बांना गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही हे बघितलं, आणि बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव फिरायला लागली. लोणखेडा, कळसाडी, सारंगखेडा. कोणाच्या घरी लग्न ठरलं हे नवरीच्या मामाला कळायच्या आत फुप्पीला कळायचं.

बांगडी भरताना ती समोरच्या बाईला बोलण्यात अशी गुंतवायची की हात दुखायला बाईला वेळच मिळत नसे. सासू कशी आहे, म्हैस किती दूध देते, नणंद माहेरी का येऊन बसली. बाई सांगत सुटायची आणि फुप्पीची बोटं तिचा पंजा दाबत दाबत बांगडी वर सरकवायची. काम झालं तरी गोष्ट संपलेली नसायची. मग चहा. माझी फुप्पी चहाला कधी नाही म्हणाली नाही. ज्या घरात भांडून निघायची त्या घरातही चहा पिऊन निघायची.

सारंगखेड्याच्या जत्रेत तिचं दुकान ठरलेलं. लोक लांबलांबहून घोडे बघायला यायचे. फुप्पीला घोड्यात काडीचा रस नव्हता. ती घोडेवाल्यांना बघायची. कोणी पागोटेवाला घोडीच्या गळ्यात नवा साज घालून मिरवत चालला की ही भर रस्त्यात हाक मारायची, "ओ भाऊ, घोडीले इतला साज, आन घरवालीना हात काब मोकया?" म्हणजे घरवालीचे हात मोकळे का? आजूबाजूचे हसायचे, माणूस लाजायचा आणि डझनभर बांगड्या घेऊन जायचा. एकानं तर तिला रागानं विचारलं होतं की तुला काय माहीत माझी बायको कशी आहे. फुप्पी म्हणाली, "तुमच्या तोंडावरून कळतं, बिचारी सोसत असेल." त्यानंही घेतल्या.

मला आई नव्हती. म्हणजे होती, पण मला आठवत नाही. मला जे आठवतं ते फुप्पीचं आहे. वेणी घालताना केस ओढून डोळ्यांत पाणी आणायची आणि वर म्हणायची, "रडायचं तर मोठ्यानं रड, अर्धवट काही करू नये." मी तिच्यावर जीव टाकायचे. हे तिला मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर तिनं गल्लीभर सांगितलं असतं.

आता छोटीबाई. आमच्या दुकानाला लागून भंवरलाल शेठचं कापडाचं दुकान, वर त्यांचं घर. मूळचे राजस्थानचे, जैन. छोटीबाई त्यांची बायको. नाव छोटीबाई, पण धिप्पाड, गोरीपान, आवाज असा की बाजारात भाव विचारला तर भाजीवाली दचकून कमी करायची. दोघींच्या गच्च्या लागून, मधे कमरेएवढा कठडा. फुप्पी घरात आमची हिंदी बोलायची, छोटीबाई घरात मारवाडी. एकमेकींशी मात्र दोघी अहिराणीत बोलायच्या, म्हणजे भांडायच्या.

छोटीबाईचा नेम कडक. दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. कांदा, बटाटा, लसूण घरात येत नाही. आमच्या घरचं शिजवलेलं तिनं कधी खाल्लं नाही आणि फुप्पीनं कधी मनाला लावून घेतलं नाही. फुप्पी कठड्यावरून केळी द्यायची, सालासकट. "साल तुन्हा देवनं घालेल शे, मन्हा हात आत लागेल नही," म्हणायची. तिकडून पापड आणि खाकऱ्यांचे डबे यायचे.

रोज संध्याकाळी दोघी गच्चीवर. पश्चिमेला घरं संपून केळीचे मळे लागतात, तिथं सूर्य बुडताना स्वच्छ दिसतो. एरवी फुप्पी ओरडायची, "छोटी, खाई ले पटकन, दिन बुडी ऱ्हायना!" आणि छोटीबाई ताटातला शेवटचा घास घाईनं तोंडात कोंबून चूळ भरायची. रमजानमध्ये उलटं व्हायचं. फुप्पी हातात खजूर धरून बसायची, आणि छोटीबाई ओरडायची, "हलीमी, बुडना! आते खाय!" एकीचं जेवण जिथं संपायचं तिथं दुसरीचं सुरू व्हायचं, आणि सूर्य दोघींचा एकच. मशिदीचा भोंगा होता, पण फुप्पीच्या एका कानाला ऐकू कमी यायचं आणि लाइटीचा भरवसा नव्हता. "भोंगा बिघडी, पन छोटीनी नजर बिघडाव नही," असं ती म्हणायची.

एका वर्षी ती बिघडली. रमजान श्रावणात आला होता आणि मी तेव्हा लोणखेड्याच्या कॉलेजात जायचे. त्या दिवशी आभाळ इतकं भरून आलं की दुपारपासून दिवा लावावासा वाटत होता. लाइट गेलेली. सूर्य कुठं आहे याचा पत्ता नाही. छोटीबाई खाली जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघून आली आणि ओरडली, "बुडना!" फुप्पीनं खजूर तोंडात टाकला, वर पेलाभर पाणी प्यायली, भजी उचलली, अर्धी खाल्ली. मी नळावर तोंड धुवायला गेले होते म्हणून वाचले. आभाळाच्या फटीतून लालबुंद सूर्य बाहेर आला आणि आमच्याकडे बघत राहिला.

झालं होतं असं, की ते कॅलेंडर नागपूरचं होतं. छोटीबाईच्या मुलीच्या सासरहून आलेलं. नागपूरला दिवस आमच्या आधी मावळतो. छोटीबाईचं त्यात काही बिघडत नव्हतं, ती थोडी आधी जेवून मोकळी व्हायची. बिघडलं ते फुप्पीचं. उरलेली अर्धी भजी हातात घेऊन ती म्हणाली, "छोटी, तुनी मन्हा रोजा मोडा!"

छोटीबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पापाला ती जगात सगळ्यात जास्त भ्यायची. फुप्पीनं मशिदीतल्या हाफिजजींना विचारून घेतलं. ते म्हणाले, चुकून झालं, गुन्हा नाही, ईदनंतर बदल्यात एक रोजा धरा, संपलं. पण फुप्पीला असं काही मिळालं की ती लवकर संपवणारी बाई नव्हती. ईद होऊन गेली तरी उठता बसता सुरूच, "मन्हा एक रोजा तुन्हा आंगवर शे, छोटी." आणि छोटीबाई गयावया करायची, "धरी ले ना वं एकदाव!"

त्याच वर्षी दिवाळीनंतर भंवरलाल शेठ गेले. दुकानात कापड मोजता मोजता बसले ते उठलेच नाहीत.

त्यांच्यात जुनी रीत अशी की विधवा बाईनं खोलीतल्या एका कोपऱ्यात बसायचं. कित्येक महिने. बाहेर पडायचं नाही, उजेडात यायचं नाही. आता ही रीत कोणी फारशी पाळत नाही. छोटीबाईच्या मुलानं, अभिनंदनभाऊंनी, आईला हात जोडले, पण तिला कोणी बसवलं नव्हतं, ती स्वतःच बसली होती. रीत सांगते तेवढे दिवस संपले तरी उठेना. जेवण दोन घासांवर आलं. तो आवाज गल्लीतून नाहीसा झाला. फुप्पी रोज कठड्यापाशी उभी राहून हाका मारायची, खालून उत्तर यायचं नाही. मग घरात येऊन आमच्यावर भांडी आपटायची.

एका दिवशी ती उठली आणि तडक छोटीबाईच्या खोलीत गेली. मी तिला अडवायला मागोमाग गेले. तिथं चार नातलग बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. फुप्पीनं कोणाकडे बघितलं नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू आठे बठी ऱ्हायनी, आन मन्हा रोजानं काय?"

बायकांना वाटलं, हिला वेड लागलं. फुप्पी पुढं म्हणाली, "हाफिजजी सांगस, ज्यानी रोजा मोडा, त्यानी रोज गच्चीवर यीसन दिन बुडना का नही ते सांगाले पाहिजे. रोजा फिटस तोपावत." हाफिजजींनी असलं काहीही सांगितलं नव्हतं. ती चक्क थापा मारत होती. पण कोपऱ्यातला पदर हलला.

त्या संध्याकाळी छोटीबाई गच्चीवर आली. फिकट ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली. पश्चिमेकडे बघितलं, "बुडना" म्हणाली आणि खाली गेली. दुसऱ्या दिवशी आली, तशीच गेली. तिसऱ्या दिवशी फुप्पी म्हणाली, "अजून बुडेल नही, तुले दिसत नही का?" "आंधयी तू शे!" छोटीबाई म्हणाली, आणि दोघींचं जे जुंपलं ते अंधार पडेपर्यंत. खाली अभिनंदनभाऊ आपल्या दुकानात बसून डोळे पुसत होते. मी स्वतः बघितलं.

फुप्पीनं तो रोजा मग कधी धरलाच नाही. हिवाळ्यात धरते, दिवस लहान असतो. हिवाळ्यात जत्रा आली. लग्नसराई झाल्यावर धरते. मग ऊन फार. वर्षं अशीच गेली, दोघींच्या गुडघ्यांनी संप पुकारला, छोटीबाईनं ऐंशी गाठली, तरी ती रोज संध्याकाळी वर यायची. रोजा अजून तिच्या अंगावर होता ना.

गेल्या हिवाळ्यात फुप्पीनं सारंगखेड्याच्या जत्रेत नेहमीसारखं दुकान लावलं. घोडेवाल्यांची नेहमीसारखी खोडी काढली. घरी आली, चहा प्यायली, आडवी झाली आणि तशीच गेली. जिच्या तोंडाला आयुष्यभर विश्रांती नव्हती ती न बोलता गेली, याचंच मला जास्त रडू आलं. सगळी गल्ली आली होती. कळसाडीहून बायकांची जीप भरून आली, आणि प्रत्येकीच्या हातात फुप्पीनं भरलेल्या बांगड्या.

त्यानंतरही छोटीबाई रोज गच्चीवर यायची. कठड्यापलीकडे कोणी नसलं तरी पश्चिमेकडे बघून "बुडना" म्हणायची आणि जायची. मी शिडीवरून ऐकायचे आणि वर जायचं धाडस मला व्हायचं नाही.

फुप्पीच्या चाळिसाव्याला, फातिहाची प्रार्थना झाल्यावर, छोटीबाई आमच्या उंबऱ्याशी आली. अब्बांना म्हणाली, "जब्बारभाऊ, मरेल मानूसना रोजा राही गया तर तुम्हनामां कसा फेडतस?"

अब्बा गोंधळले. म्हणाले, गरिबाला जेवू घालतात, आम्ही घालू.

"जेवन घालीसन कसं फिटी? चूक मन्ही शे. उपास मीच धरसू."

"मासी, तुम्ही?" मी म्हणाले.

"काब? उपास माले काय नवा शे?" आणि तिनं सगळं ठरवूनही टाकलेलं होतं. आमचा रोजा संध्याकाळी सुटतो, पण तिला दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा चालत नाही. म्हणजे तिचा सुटणार दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. पाण्याशिवाय. येत्या शुक्रवारी.

अभिनंदनभाऊ धावत दुकानात आले. गेल्या पर्युषणात उपासातच तिला चक्कर आली होती, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. "डॉक्टरनी साफ नही सांगेल शे. सबीहा, काही बी कर, पन मायले थांबव. मन्हं ती आयकत नही." मोठा माणूस, केस पिकलेले, आणि काउंटरला धरून उभा होता. मी होय म्हणाले. कसं करणार हे मला माहीत नव्हतं.

तिला थांबवायला एकच गोष्ट पुरेशी होती, फुप्पीनं तो रोजा खरंच धरला होता हे दाखवून देणं. पण धरला असता तर फुप्पी गप्प बसली असती का? मी घरी येऊन हे मोठ्यानं बोलले. अब्बा बांगड्या मापाप्रमाणे लावत बसले होते. त्यांचा हात थांबला. माझे अब्बा इतके कमी बोलतात की त्यांचा हात थांबला तरी ती बातमी असते.

"अब्बा?"

"काही नाही."

"अब्बा, तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

त्यांनी एक बांगडी उजेडात धरून तडा आहे का बघितलं. मग म्हणाले, "तिनं धरला होता. ईद झाल्याबरोबर, त्याच आठवड्यात. कळसाडीला गेली होती. तिथल्या पाटलीणबाईंनी चहा ठेवला तर नको म्हणाली. पाटलीणबाई घाबरून मला विचारायला आल्या की हलीमाबी आजारी आहे का."

"आणि तुम्ही आजपर्यंत मूग गिळून बसलात? माणूस आहात की कुलूप?"

"तिनं शपथ घातली होती. आधी म्हणाली, दिवाळीपर्यंत छोटीला छळते, मग सांगते. दिवाळीनंतर शेठ गेले. छोटीबाई कोपऱ्यात बसली. तेव्हा मी म्हणालो, आता तरी सांग. तर म्हणाली, जब्बार, रोजा फिटला असं कळलं तर ती वर कशाला येईल? जन्मभर बाकी राहू दे." अब्बांनी बांगडी खाली ठेवली. "म्हणून नाही बोललो. आताही सांगावं की नाही, मला कळत नाही, बेटी."

 फुप्पीला मी आतबाहेर ओळखते असं मला वाटायचं. सगळ्या गल्लीला आपली चहाची तल्लफ आणि मेलेल्या नवऱ्याशी झालेली भांडणं ऐकवणारी बाई एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून होती. मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला, आणि ती समोर हवी होती असं फार वाटलं.

पण छोटीबाईचा जीव जास्त महत्त्वाचा. मी अब्बांना हाताला धरून शेजारी नेलं.

छोटीबाई जप करत बसली होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "तुले अभिनंदननी शिकाडं." मी अब्बांना पुढं केलं. अब्बा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, बोलायचं ठरवलं तरी त्यांना जमणार नाही, हे तिला माहीत होतं. त्यांनी पाटलीणबाईंच्या चहासकट सगळं सांगितलं.

छोटीबाई लाल झाली. जपमाळ बाजूला ठेवली. "चोट्टी! हलीमी, चोट्टी! रोजा धरी लिन्हा, आन माले सांगं बी नही! इतला साल माले नाचाडं!" फुप्पी गेल्यापासून तिचा तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. खाली दुकानात गिऱ्हाइकं थबकली. तिनं फुप्पीच्या सात पिढ्या काढल्या, म्हणजे अब्बांच्याही, आणि अब्बा मान डोलवत राहिले. मग एकदम तिचा आवाज खाली आला. "काब नही सांगं तिनी?"

मी तेही सांगितलं. कोपऱ्याचं.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. शुक्रवारी तिनं उपास धरला नाही, वेळेवर जेवली, गोळ्या घेतल्या. अभिनंदनभाऊंनी मला पेढ्यांचा पुडा आणून दिला.

आणि त्या संध्याकाळी ती गच्चीवर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. अभिनंदनभाऊ म्हणाले, जेवण खोलीत मागवते, खिडकी लावून घेते, भिंतीकडे बघत बसते. कोणती भिंत, ते मी विचारलं नाही. त्या कोपऱ्यातून फुप्पीनं तिला ओढून काढलं होतं आणि मी तिला पेढे खात परत तिथं नेऊन बसवलं होतं. दोन-तीनदा जाऊन मी विनवलं. "कशाले वर येवू?" ती म्हणायची. "आते मन्हा आंगवर काय शे?" 

मग चाँद दिसला आणि रमजान आला.

पहिल्या रोज्याला मी खजूर आणि पाण्याचा पेला घेऊन गच्चीवर गेले. फुप्पीशिवायचा पहिला रमजान. सूर्य केळीच्या मळ्यामागे गेला. अजान झाली, चांगली स्वच्छ ऐकू आली. खालून अब्बांचा आवाज आला, "बेटी, रोजा खोल." भज्यांचा वास येत होता. घसा कोरडा पडला होता. मी खजूर हातातच धरला आणि कठड्यावरून वाकून ओरडले, "मासी! दिन बुडना का?"

खिडकी बंदच.

"मासी! दिन बुडना का?"

खिडकी उघडली. "आजान व्हई गई ना! भैरी शे का तू?"

"आयकी. पन मन्हा भरोसा तुम्हनावर शे. वर यीसन सांगा."

"मोबाइलमां देख!"

"मोबाइल नागपूरना शे!"

खालून मग, "खाय गुपचूप! पहिला रोजा शे, चक्कर यीन पडशी!"

"पडसू! पन तुम्ही सांगाशिवाय खावाव नही!"

गल्लीतली दोन दारं उघडली. अब्बा तोंडात भजी घेऊन अंगणात येऊन वर बघायला लागले. कोणी तरी विचारलं, काय झालं, आणि अब्बांनी हातानंच सांगितलं की मधे पडू नका. मी पेला कठड्यावर ठेवला आणि उभी राहिले. मला माझाच राग येत होता. नाही आली तर काय करणार होते मी? अंधार पडत चालला होता.

मग जिना वाजायला लागला. एक पायरी, थांबा, शिव्या. पुढची पायरी, थांबा, शिव्या. अभिनंदनभाऊ मागून हात धरतो म्हणत होते आणि त्यांनाही शिव्या बसत होत्या. ओढणी सावरत छोटीबाई वर आली, धापा टाकत, कठड्याला धरून उभी राहिली. पश्चिमेला आता नुसता काळसर तांबूस पट्टा उरला होता. तिनं तिकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"बुडना! कव्हयना बुडना! खाय आते, खाय!"

मी खजूर तोंडात टाकला. पाणी प्यायले. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि खजुराची बी कुठं टाकावी ते कळत नव्हतं. छोटीबाई मी पूर्ण पेला संपवेपर्यंत नजर रोखून उभी होती.

"हलीमी गई," ती म्हणाली, "पन आपला नमुना आठेच ठेवी गई."

ती खाली जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. गुडघा चोळत कठड्याला टेकली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुन्हा रोजा मन्हामुये उशिरा सुटना."

"हो मासी."

"मंग हाई मन्हा आंगवर उनं."

हे तिच्या अंगावर आलं म्हणे. मी खजुराची बी रिकाम्या पेल्यात टाकली.

"म्हंजे सकाय बी येनं पडी," ती म्हणाली. उद्याही यावं लागणार.

रोजा थोडा उशिरा सोडला म्हणून कोणाच्याही अंगावर काहीही बाकी राहत नाही. हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. मी तिला ते सांगितलं नाही. आणि एवढी वर्षं माझ्या फुप्पीशेजारी राहिलेल्या छोटीबाईला ते माहीत नसेल, असं मला मुळीच वाटत नाही.